दिवा पाहिलास का?

बस. पिशवी खाली ठेव आणि हा लॅपटॉप बघ. ओळखलास ना? मांडवीकडच्या त्या ऑनलाइन केंद्रातल्या ताईंचा आहे. आज सकाळी साडेआठला त्या स्वतः घेऊन आल्या, टॉवेलात गुंडाळून, सोबत केबलचं भेंडोळं. तक्रार केली नाही त्यांनी तुझी. एवढंच विचारलं, "सर, नवीन घ्यायचा झाला तर केवढ्याला पडेल?" मी म्हटलं, नवीन घ्या असं सांगितलं कोणी? तेव्हा तुझं नाव निघालं. त्यांच्याकडून आठशे रुपये घेऊन, "मदरबोर्ड गेलाय" असं सांगून आलेला माझा विद्यार्थी.

बाकीच्यांनी उठायचं नाही. हे तुम्हा सगळ्यांसाठी आहे, कारण याच्या जागी तुमच्यातले निम्मे असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

आता मला सांग, केंद्रात शिरल्यावर पहिल्यांदा काय पाहिलंस? नाही, काय केलंस ते मला ठाऊक आहे. नेटवर्क रिसेट मारलंस, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलास, अँटिव्हायरस उडवलास, आणि शेवटी विंडोज नव्याने भरलंस. मी विचारतोय, पाहिलंस काय? केबल खोचल्यावर पोर्टाशेजारचा दिवा लागला का? लागला तर टिकला का? राउटरच्या बाजूचा दिवा पाहिलास का? बघ, मान खाली गेली. दोन तास तू त्या खोलीत होतास आणि दोन सेकंदांची गोष्ट तू पाहिली नाहीस.

मी पाहिली. केबल लावली तर दिवा लागतो, तीन-चार सेकंदांनी विझतो, पुन्हा लागतो, पुन्हा विझतो. स्क्रीनवर एकदा 'नेटवर्क केबल अनप्लग्ड', एकदा 'अनोळखी नेटवर्क'. हे तुझ्याही डोळ्यांसमोर झालं असणार. लॅपटॉप दर चार सेकंदांनी सांगत होता की बाबा रे, खाली बघ, तारेकडे बघ. आणि तू वर सॉफ्टवेअरमध्ये उकरत बसलास. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

तो दिवा काय असतो, हे मी पहिल्या महिन्यात शिकवलंय. पुन्हा सांगतो. १९७३ च्या २२ मेला झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने इथरनेटचं टिपण लिहिलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलीवर टांगलेली असायची. त्या केबलीला कुठेही इजा झाली की सगळेच बंद, आणि मग खोट कुठे आहे ते हात-हात केबल चाचपत शोधायचं. १९९० मध्ये पिळाच्या तारांचं प्रमाण ठरलं, प्रत्येक यंत्राला स्वतःची केबल मिळाली, आणि तिच्याबरोबर एक साधी सोय आली. कोणी काही पाठवत नसलं तरी दोन्ही टोकं साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एकमेकांना एक बारीकसा ठोका देत राहतात. आहेस का? आहे. ठोका पोचला की दिवा लागतो. म्हणजे तो दिवा तुला फुकटात सांगत असतो की खोट तारेत आहे की तारेच्या पलीकडे. ज्यांना केबल चाचपत फिरावं लागलं त्यांनी तुझ्यासाठी ही सोय करून ठेवली, आणि तू तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीस.

मी तुला विचारण्याआधीच तू काय म्हणणार ते मला माहीत आहे. ताईंनी सांगितलं मला. "केबल मी घरी नेऊन माझ्या लॅपटॉपला लावून बघितली, व्यवस्थित चालली." म्हणजे तू तपासलंस, हे मान्य. आणि केबल चांगली, तर मग लॅपटॉप बाद, असा तुझा हिशेब. हा हिशेब चुकला. आणि तो कुठे चुकला हे आज तुला कळलं नाही तर पुढची तीस वर्षं तू लोकांची चांगली यंत्रं भंगारात काढशील.

तुझा लॅपटॉप जुना. त्याचं कार्ड शंभर एमबीपीएसचं. शंभरच्या कामाला आठांतल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६. उरलेल्या चार तुटलेल्या असोत, गंजलेल्या असोत, नसोत, त्याला पत्ताही लागत नाही. ताईंचा लॅपटॉप आणि त्यांचा राउटर दोघे गिगाबिटचे. १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर गिगाबिटचं प्रमाण आलं, त्याला चारही जोड्या लागतात, आठच्या आठ तारा. आता नीट ऐक. वेग किती ठेवायचा हे दोन टोकं आपसात ठरवतात, पण ती बोलणी होतात पहिल्या दोन जोड्यांवरून. त्या जोड्या शाबूत होत्या. दोघे एकमेकांना म्हणाले, मी गिगाबिट जाणतो, मीही जाणतो, चल सुरू करू. आणि सुरू करायला गेले तर चौथी तार नाही, पाचवी नाही. जोडणी पडली. पुन्हा बोलणी, पुन्हा तेच ठरलं, पुन्हा पडली. काही कार्डं शहाणी असतात, दोन-चारदा तोंडावर आपटली की आपणहून शंभरवर उतरतात. हे उतरलं नाही. तुझा तो लागणारा-विझणारा दिवा म्हणजे हे.

म्हणजे तू केबलीला विचारलंस, "चार तारा आहेत का?" ती म्हणाली, आहेत. आणि तू ताईंना येऊन सांगितलंस की आठ आहेत. चाचणी घेतली एवढ्यावर भागत नाही रे. ती चाचणी नेमका कोणता प्रश्न विचारते, हे ठाऊक नसेल तर तिचं उत्तर तुला फसवणारच.

आणि टेस्टर? तुझ्या पिशवीत आहे की नाही? काढ. ठेव टेबलावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी याच प्रकारचा टेस्टर त्या केबलीच्या दोन टोकांना लावला. १, २, ३, मग अंधार, अंधार, मग ६, ७, ८. सगळं मिळून अर्धा मिनिट.

ही पिन बघा सगळ्यांनी. एकेकाने हातात घ्या. चाप तुटलेला आहे, ती बाहेर सरकू नये म्हणून ताईंनी आगकाडीचा तुकडा खोचला होता, तो अजून आत आहे. आता पुढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. मधल्या दोघींवर बघा, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हणावर येतो तसा हिरवट थर. सोन्याचा मुलामा नावाला असतो, सारखी काढ-घाल केली की घासून जातो, खाली तांबं. खिडकी समुद्राच्या बाजूची, केबल खिडकीखालून गेलेली, पिन सैल, म्हणून आत खारी हवा. दुसरं काय होणार?

हे पुण्यात शिकवत नाहीत. तिथल्या पुस्तकात खारा वारा नसतो. तू रत्नागिरीत काम करतोस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने जांभ्याच्या भिंती पाणी पिऊन बसतात, आणि उरलेले आठ महिने मीठ हवेतून येतं. इथे पोर्टात मुंग्या घर करतात, छपरातली केबल उंदीर कुरतडतो, आणि स्वस्तातली केबल तर मुळात तांब्याची नसतेच. ही तार मी ब्लेडने खरवडली, बघ, आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा हात फिरवलेला. दोनदा वाकवली की मोडते. बिल करणाऱ्याने तांब्याचे पैसे घेतले असणार. असली केबल खिडकीखालून खाऱ्या हवेत टाकणारा आणि नंतर ती न तपासणारा, दोघे मला सारखेच.

मी टोक कापलं. बाहेरचं वेष्टण जेमतेम अडीच सेंटिमीटर सोललं, जोड्यांचे पीळ लागतील तेवढेच उलगडले, तारा बोटांत धरून सरळ केल्या, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका रेषेत कापल्या, नव्या पिनेत सारल्या, पुढून आठही टोकं भिडलेली दिसली तेव्हाच क्रिंपर दाबला. वेष्टण पिनेच्या आत गेलंय, बाहेर लोंबत नाही, हेही बघून ठेव. तुझ्या परवाच्या कामात तारा बाहेर उघड्या लोंबत होत्या. आणि रंगांचा क्रम मनाने लावायचा नसतो. दोन्हीकडे सारखा असला म्हणजे झालं, असं तुमच्यातला एक जण गेल्या आठवड्यात म्हणाला. टेस्टर त्याला पास करील, कारण टेस्टर फक्त तार सलग आहे का ते बघतो. पण तिसरी आणि सहावी एकाच पिळातल्या असायला हव्यात. त्या वेगवेगळ्या पिळात पडल्या की लांब केबलीवर एकीचा आवाज दुसरीत मिसळतो आणि नेट रडतखडत चालतं. मग तुम्ही कंपनीला शिव्या घालता.

दुसरं टोकही मी बदललं. दिवा लागला आणि टिकला. पिन दहा-पंधरा रुपयांची. तिच्यापायी तू त्या बाईला लॅपटॉप घ्यायला लावत होतास.

पण एवढं करूनही नेट सुरू झालं नाही. का नाही झालं, तू सांग. आठव. सांगता येत नाही ना? मी आयपीकॉन्फिग मारून पाहिलं. कार्डावर १९२.१६८.०.५० हा पत्ता हाताने भरलेला. राउटर १९२.१६८.१.१ वर. एक मधल्या आळीत, दुसरा वरच्या आळीत, भेट व्हायची कशी? हा पत्ता ताईंनी भरला नाही, राउटरने दिला नाही. विंडोज नव्याने भरल्यावर तू भरलास, कुठल्या तरी व्हिडिओत बघून. चालला नाही, तर तसाच सोडून निघून आलास. म्हणजे तू गेलास तेव्हा तिथे एक दोष होता, तारेत. तू निघालास तेव्हा दोन होते. उद्या दुसऱ्या कोणी केबल बदलली असती तरी नेट चाललं नसतं, आणि मग त्यानेही हात वर केले असते. मदरबोर्डच गेलाय, तो पोरगा बरोबर सांगत होता, असं म्हणाला असता.

मी तुला एकच बाब दहा वेळा सांगितली आहे. एका वेळी एक बदल. तो चालला तर ठेवायचा, नाही चालला तर मागे घ्यायचा, मगच पुढचा. आणि वहीत लिहायचा. वही कुठे आहे तुझी? नाही. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा तुमच्या आधीच्या तुकडीतली मुलं तिथे गेली होती. दुकानादुकानांतून चिखल भरलेली यंत्रं. त्या मुलांनी प्रत्येक यंत्राला चिठ्ठी बांधली, कोणाचं, कुठल्या अवस्थेत मिळालं, काय उघडलं, काय धुतलं, किती दिवस वाळवलं. वाळल्याशिवाय एकालाही वीज लावली नाही. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त येत नव्हतं. पण दुसऱ्याच्या वस्तूला आपण हात लावतोय, याची जाण त्यांना होती.

आता तुझा तो निरोप वाचतो, तू ताईंना पाठवलेला. त्यांनी मला दाखवला. "१६९ वाला आयपी येतोय, कंपनीकडून चुकीचा आयपी मिळतोय, त्यांना फोन करा." त्या बिचाऱ्यांनी फोन केला, पाऊण तास वाट पाहिली, आणि तिकडच्या मुलाने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकणं ते. पण त्याला शेळ्या तिकडे पाठवल्या कोणी? तू. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कंपनी देत नाही, राउटर देत नाही. लॅपटॉप पत्ता मागतो, हाका मारतो, कोणीच उत्तर देत नाही, तेव्हा तो स्वतःच स्वतःला या राखून ठेवलेल्या गटातला एक पत्ता लावून घेतो. तो दिसला की एकच वाचायचं, माझी हाक राउटरपर्यंत पोचत नाही किंवा त्याचं उत्तर माझ्यापर्यंत येत नाही. आणि दिवा विझतोय-लागतोय हे तुला दिसलं असतं तर का पोचत नाही हेही कळलं असतं. एवढी स्पष्ट खूण तुझ्या हातात आली आणि तू तिचा उलटा अर्थ लावून दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलंस.

खालून वर जायचं. दिवा लागला नाही तर पुढचं काहीही करायचं नाही, तार, पिन, पोर्ट एवढंच. केबल नक्की चांगली असलेली लावायची, राउटरचं दुसरं पोर्ट बघायचं. दिवा टिकला की वेग बघ, शंभर दाखवतो की हजार. हजाराच्या जागी शंभर दिसले तर तार आजारी आहे, आज ना उद्या बोलेल. मग पत्ता. पत्ता बरोबर तर राउटरला पिंग. तो बोलला तर बाहेरच्या एखाद्या आकड्याच्या पत्त्याला, ८.८.८.८ ला. तोही बोलला आणि संकेतस्थळ मात्र उघडत नाही, तर नावाचा पत्ता करून देणारा डीएनएस बघ, ब्राउझरमध्ये कोणी प्रॉक्सी भरून ठेवलाय का बघ. आणि घड्याळ बघ! बॅटरी मेलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये तारीख दहा वर्षं मागे जाते, आणि सुरक्षित साइट एकही उघडत नाही. परवा नाचणे गावात असाच एक लॅपटॉप फॉरमॅट होता होता वाचला. ड्रायव्हरची पाळी येते, येत नाही असं नाही. पण दिवा टिकत नसताना ड्रायव्हर काढून टाकणं म्हणजे विहिरीत पाणी नाही म्हणून रहाट बदलणं.

विंडोजवर संशय होता ना तुझा? ठीक. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघायचं होतंस. डिस्कला हात लावावा लागत नाही, काही पुसलं जात नाही. तिथेही दिवा तसाच लागला-विझला असता, नोंदीत जोडणी पडली, जोडणी लागली अशा ओळी दिसल्या असत्या, आणि दहा मिनिटांत विंडोज निर्दोष सुटलं असतं. त्याऐवजी तू ते पुसलंस. काय काय पुसलंस ते ठाऊक आहे? बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर. डिजिटल सहीच्या टोकनचं. मराठी टंकलेखनाची मांडणी, ज्यावर त्यांचा हात बसलेला. प्रिंटरची जोडणी. दोन वर्षांच्या पावत्यांची फाइल डेस्कटॉपवर होती, तिची प्रत घेतलीस का, हे मी विचारणार नव्हतो, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नाही. सुदैवाने त्यांनी ती दुसरीकडेही ठेवली होती. तुझ्यामुळे नव्हे.

आणि दिवस कुठला होता? नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. आंबा-काजूच्या फळपीक विम्याचे अर्ज भरायची घाई. त्या केंद्रात लोक कशाला येतात ते तू पाहिलंस? २०१८ च्या १ मेपासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला, तेव्हापासून तलाठ्याच्या दारातली एक खेप वाचली, पण ती वाचली या तारेच्या जोरावर. तू आत विंडोज भरत होतास तेव्हा बाहेरच्या बाकावर पावसहून आलेले एक आजोबा बसले होते. ताईंनी सांगितलं मला. सकाळच्या एसटीने आले, सातबाऱ्याचा कागद हवा होता, दुपारी दोनपर्यंत बसले आणि रिकाम्या हाताने परत गेले. त्यांची कलमं किती, त्यांचा अर्ज मुदतीत गेला की नाही, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तुझ्या घरी तो जुना शंभरवाला स्विच पडलेला आहे, गेल्या वर्षी मीच दिला होता. तो एक मध्ये लावला असतास, स्विच आणि लॅपटॉपच्या मध्ये दुसरी चांगली केबल, तर राउटरने मुकाट्याने शंभरवर बोलणी केली असती आणि केंद्र दहा मिनिटांत सुरू झालं असतं. दुरुस्ती संध्याकाळी केली असतीस. तेही नाही तर मोबाइलचा हॉटस्पॉट. आधी माणसाचं काम चालू करायचं, मग यंत्र.

एक आणखी, आणि हे तुला नाही, सगळ्यांना. परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे एकाच आठवड्यात चार लॅपटॉप आले, चौघांचंही केबलचं पोर्ट मेलेलं, बाकी सगळं ठीक. चौघांनीही वीज कडाडायला लागल्यावर चार्जरची पिन काढली होती. केबल मात्र तशीच. राउटरपर्यंत काचेची तार येते, तिच्यातून वीज येत नाही, हे खरं. पण राउटर विजेच्या बोर्डावर आहे, आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तांबं आहे. आंब्याच्या झाडावरून शेजारच्या घरात ओढलेली केबल असेल तर बघायलाच नको. मेअखेर आणि ऑक्टोबर, ढग काळे झाले की दोन्ही काढायचं, चार्जर आणि केबल. ज्या घरी कामाला जाल तिथल्या बाईमाणसांना, म्हाताऱ्यांना हे सांगून यायचं. कामाइतकंच महत्त्वाचं आहे ते. आणि राउटरजवळच्या पेटीवर एलओएसचा लाल दिवा दिसला तर काचेची तार तुटली आहे, लॅपटॉपला हात लावायचा नाही, कंपनीला कळवायचं. तेव्हा फोन करायचा. तेव्हा.

तू रडू नकोस. मी तुला वर्गातून काढत नाही. तुझा हात चांगला आहे, सोल्डरिंग तुझ्याइतकं स्वच्छ कोणी करत नाही इथे. पण "येत नाही" म्हणायची तुला लाज वाटली, म्हणून तू "मदरबोर्ड गेला" म्हणालास. कारण मदरबोर्ड कोणाला दिसत नाही, कोणी तपासत नाही. ताई, मला कळलं नाही, सरांना विचारून येतो, एवढं म्हणाला असतास तर त्यांनी तुला चहा पाजला असता. कळलं नाही हे कमीपणाचं नाही. कळलं नसताना कळल्यासारखं करून पैसे घेतले, त्याची मला चीड आहे. त्या बाईंना तुझं बोलणं तपासता येत नाही. त्यांनी विश्वास ठेवला तो तुझ्यावर नाही, तू जिथून शिकलास त्या जागेवर. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेली बाई आहे ती, स्वतःच्या हिमतीवर केंद्र उभं केलंय. तिला तू घाबरवून आलास.

आता काय करायचं ते लिहून घे. वही नसेल तर या कागदावर.

उद्या सकाळी साडेनऊला केंद्र उघडतं. सव्वानऊला तू दारात हवास. आठशे रुपये आधी परत द्यायचे, मग आत पाऊल टाकायचं. मी पत्ता आपोआप घेण्यावर ठेवलाय, नेट चालतंय, तपासून दिलंय. तू ठशांच्या यंत्राचं सॉफ्टवेअर टाकायचं, टोकनचं टाकायचं, मराठी मांडणी त्यांना हवी तीच, प्रिंटर जोडायचा, आणि ताईंनी एक अर्ज सुरुवातीपासून पावतीपर्यंत स्वतः भरून दाखवेपर्यंत उठायचं नाही. खिडकीखालच्या या केबलीच्या जागी भिंतीच्या आतल्या बाजूने नवी न्यायची, खऱ्या तांब्याची, पिनेला रबरी टोपी घालून. तिचे पैसे मी देतो, मजुरी तू घ्यायची नाहीस. आणि पावसच्या त्या आजोबांचा फोन नंबर ताईंकडे असेल, तो घेऊन त्यांना स्वतः फोन कर, त्यांचा अर्ज राहिला आहे का विचार. राहिला असेल आणि मुदत असेल तर त्यांच्याकडे जाऊन कागद घेऊन ये, त्यांना पुन्हा एसटीने यायला लावू नकोस.

हा टेस्टर घे. ही कापलेली पिनही घे, हिरव्या थरासकट. ती तुझ्या पिशवीत राहू दे.

जा. आणि उद्या तिथे पोचलास की आधी दिवा बघ आणि मला फोन कर, दिवा कसा आहे ते सांगायला.